मरगळलेला बुद्धिबळ क्लब पुन्हा उभा करताना

क्लबमधली गर्दी आटली की कुणीतरी हमखास सुचवतं, "एक मोठी खुली स्पर्धा घेऊ या, लोक आपोआप येतील." लोक येतातही. हॉल भरतो, करंडक वाटले जातात, फोटो निघतात, आणि पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत तेच चौघे एकमेकांसमोर बसलेले असतात. स्पर्धेला आलेला माणूस स्पर्धेसाठी आलेला असतो, त्याला तुमच्या क्लबचं नावही धड आठवत नाही. म्हणून स्पर्धेचा विषय निदान तीन महिने बाजूला ठेवा.

माझ्या मते क्लब जगतो की मरतो हे एकाच गोष्टीवर ठरतं. नवा माणूस आत आल्यापासून पंधरा मिनिटांत त्याला त्याच्या तोडीचा डाव मिळतो का? पटाईत खेळाडू, भारी घड्याळं, भिंतीवरच्या ढाली हे सगळं त्यानंतर. पुढची कामंही मी त्याच हिशेबानं लावली आहेत.

आधी गळती कुठे आहे ते शोधा

जुन्या वह्या, व्हॉट्सअॅप ग्रुप, वर्गणीच्या पावत्या असं जे हाती लागेल त्यातून गेल्या दोन वर्षांत आलेल्या सगळ्यांची यादी करा. मग तिचे तीन भाग पाडा: एकदाच येऊन गेलेले, दोन-तीन महिने नियमित येऊन थांबलेले आणि अजूनही येणारे.

पहिला भाग मोठा असेल तर दुखणं खोलीच्या आत आहे. माणसं शोधत आली, पण इथे त्यांना कुणी विचारलं नाही, किंवा पहिल्याच दिवशी सहा डाव हरून ती घरी गेली. दुसरा भाग मोठा असेल तर स्वागत ठीक आहे, पण पुढे चढायला पायरी नाही. दर आठवड्याला तेच ते मोकळे डाव, कशाची नोंद नाही, आपण सुधारतोय की नाही ते कळायला मार्ग नाही. आणि मुळात यादीच चार ओळींची निघाली, तर क्लब आहे हे कुणाला माहीतच नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पोस्टर लावून पहिलं दुखणं बरं होत नाही. उलट जास्त माणसं येतात आणि जास्त माणसं नाराज होऊन जातात.

सोडून गेलेल्यांपैकी दहा जणांना फोन करा. "का सोडलंत?" असं विचारू नका. "वेळच मिळत नाही हो" हे उत्तर ठरलेलं असतं. "शेवटचं आला होतात तेव्हा कुणाशी खेळलात? काय काय झालं त्या दिवशी?" असं विचारा. खरं कारण गप्पांच्या ओघात बाहेर पडतं: दोन वेळा आलो तर कुलूप होतं, मागे उभं राहून कुणीतरी चाली सांगत होतं, हरल्यावर समोरचा हसला. ऐकून घ्या, क्लबची बाजू मांडत बसू नका.

वार, वेळ, जागा

आठवड्यातला एक वार ठरवा आणि बारा आठवडे तो कोणत्याही कारणानं चुकवू नका. दोघेच आले तरी दिवे लागलेले हवेत. एकदा ठोठावून परत गेलेला माणूस दुसऱ्यांदा सहसा येत नाही. आठवड्यातून तीन दिवस उघडा असलेला आणि तिन्ही दिवस ओस पडलेला क्लब मी एका दिवसावर आणेन. बारा माणसं तीन दिवसांत विभागली की रोज चारच दिसतात. एका संध्याकाळी तीच बारा आली की खोली भरल्यासारखी वाटते आणि तोडीचा जोडीदार मिळण्याची शक्यताही वाढते.

जागेला थाटमाट नको, पण पटावर सावली न पडणारा उजेड, पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणि स्वच्छ स्वच्छतागृह हवंच. जमलं तर तळमजला पाहा. जिना चढणं जड जातं म्हणून घरी राहिलेले जुने खेळाडू बऱ्याच ठिकाणी असतात. वाचनालयं, शाळा, समाजमंदिरं पुष्कळदा मोफत जागा देतात, पण "तुमच्या वाचकांसाठी महिन्यातून एकदा शिकवणीचा तास घेतो" असं काही देऊ केलंत तर बोलणी लवकर जमतात. खोली एकच असेल तर गप्पांचा कोपरा आणि खेळाची टेबलं यांत अंतर ठेवा. नंतर होणारी निम्मी भांडणं तिथेच टळतात.

पट, मोहरी, घड्याळं

प्लास्टिकची साधी मोहरी आणि गुंडाळता येणारे पट पुरेत. मोहऱ्यांची ठेवण मात्र स्टाँटन पद्धतीचीच घ्या. १८४९ मध्ये बाजारात आलेला हा नमुना आज स्पर्धांतून सगळीकडे चालतो आणि नजरेला पटकन ओळखू येतो. राजाची उंची साधारण साडेनऊ सेंटिमीटर आणि पटाच्या घराची बाजू पाच ते सहा सेंटिमीटर असावी. मोहरी आणि पट एकमेकांना शोभतात का ते पाहायची सोपी युक्ती अशी: एका घरात चार प्यादी उभी करा. ती नेमकी मावली तर माप बरोबर. पटाच्या कडेला अक्षरं आणि आकडे छापलेले हवेत, नाहीतर नवशिक्याला चाली लिहायला शिकवताना नाकीनऊ येतात.

प्रत्येक संचाला स्वतंत्र पिशवी, पिशवीवर क्रमांक, आणि प्रत्येक रंगाचा एक जादा वजीर. रात्री आवरताना प्रत्येकानं आपल्या पटाची मोहरी मोजूनच पिशवी बांधायची. ही सवय लागली नाही तर वर्षभरात निम्म्या संचांत घोड्याच्या जागी बाटलीचं झाकण दिसेल. घड्याळं पटांच्या निम्मी असली तरी सुरुवातीला भागतं, पण ती डिजिटल आणि प्रत्येक चालीला काही सेकंद वाढवून देणारी घ्या.

नव्या माणसाची पहिली संध्याकाळ

इथे सगळ्यात जास्त मेहनत घ्या.

पहिला अर्धा तास एका सभासदानं खेळायचंच नाही. त्याचं काम दाराकडे लक्ष ठेवायचं. ही जबाबदारी आळीपाळीनं द्या आणि महिन्याची यादी भिंतीवर लावा. "सगळेच लक्ष ठेवू" म्हटलं की कुणीच ठेवत नाही, कारण बुद्धिबळपटू एकदा पटात मान घालून बसला की शेजारी छप्पर कोसळलं तरी वर बघत नाही.

आलेल्याला तीन प्रश्न विचारा: चाली येतात का, समोर बसून खेळलात की फक्त मोबाइलवर, घड्याळ लावून खेळायची सवय आहे का. मोबाइलवर हजारो डाव खेळलेला माणूस खऱ्या पटासमोर पहिल्यांदा गोंधळतो. वरून सपाट दिसणारा पट आता तिरका दिसतो, कोपऱ्यातला उंट नजरेतून सुटतो. अवैध चाल अडवायला इथे अॅप नाही. ज्या हातानं चाल केली त्याच हातानं घड्याळ दाबायचं असतं, मोहऱ्याला हात लावला की तेच खेळायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पहिला डाव घड्याळाविना होऊ द्या आणि हे नियम डावाच्या आधी सांगा. मध्येच "हात लावलात, आता खेळा!" असं कुणी खेकसलं तर नियम बरोबर असेल, पण माणूस गेला.

आता जोडी. इथे एलो गुणांकनाचं, म्हणजे खेळाडूची ताकद आकड्यात मांडणाऱ्या पद्धतीचं, साधं गणित कामी येतं. दोघांत २०० गुणांचा फरक असेल तर खालच्या खेळाडूकडून चार डावांत साधारण एक गुण (विजयाचा एक, बरोबरीचा अर्धा) अपेक्षित असतो. फरक ४०० चा झाला तर अकरा डावांत जेमतेम एक. म्हणजे क्लबचा सर्वांत तगडा गडी नव्याशी मोठ्या प्रेमानं चार डाव खेळला, तरी नवा चारही हरूनच जाणार. म्हणून पहिल्या संध्याकाळी जोडी २०० च्या आतली शोधा. गुणांकन माहीत नसेल तर पहिल्या डावातल्या दहा-बारा चाली पाहूनच अनुभवी माणसाला अंदाज येतो.

तोडीचा कुणी हजर नसेल तर वेळेची सवलत द्या: नव्याला दहा मिनिटं, तगड्याला तीन. वजीर किंवा हत्ती काढून खेळण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण डाव खरा राहतो आणि अपमान वाटत नाही. डाव संपल्यावर दोन मिनिटं त्यावर बोलायचं, आणि सुरुवात जिंकणाऱ्यानं प्रश्नानं करायची: "इथे घोडा मागे घेतलात तेव्हा कशाची भीती वाटली?" पंधरा मिनिटांचं प्रवचन नको. एकच गोष्ट सांगावी, तीही विचारली तर.

जिंकेल तो बसेल आणि हरेल तो उठेल, ही ब्लिट्झची, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांची, पद्धत बऱ्याच क्लबांत चालते. मद्रासच्या मिखाइल ताल बुद्धिबळ क्लबमध्ये लहानपणी विश्वनाथन आनंद अशाच डावांत रमला. पण ज्या पोरात आनंद दडलेला असतो ते रांगेत उभं राहूनही शिकतं. सामान्य माणूस पाच मिनिटांत हरतो, अर्धा तास उभा राहतो आणि घड्याळाकडे बघायला लागतो. ही पद्धत ठेवायचीच असेल तर दोन डाव लागोपाठ जिंकणाऱ्यानंही उठायचं, एवढा नियम जोडा.

निघताना त्याला पुढच्या आठवड्याच्या डावाचं नाव हवं. "परत या" याला अर्थ नसतो. "पुढच्या वेळी तुमचा डाव यांच्याशी लावतो, साडेसहाला या" याला असतो.

संध्याकाळ आखून द्या

पूर्ण मोकळी संध्याकाळ जुन्यांना सोयीची आणि नव्यांना अवघड जाते. पहिला अर्धा तास मोकळे डाव, मग दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून एक कोडं, मग नोंद होणारे डाव, आणि शेवटी ज्यांना थांबायचंय त्यांच्यासाठी ब्लिट्झ, इतकी आखणी पुरते.

कोडं असं निवडा की नवशिक्यालाही मांडणी कळावी आणि मुरलेल्यालाही थबकायला व्हावं. रिचर्ड रेटीची १९२१ ची रचना यासाठी नामी आहे. पांढरा राजा एच८ वर, पांढरं प्यादं सी६ वर (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या ओळीचा). काळा राजा ए६ वर, काळं प्यादं एच५ वर. पांढऱ्याची चाल, त्यानं बरोबरी साधायची. पटावर अवघी चार मोहरी. काळं प्यादं दूर पळालेलं दिसतं, पांढऱ्याचं प्यादं काळ्या राजाच्या तावडीत. खोली एकमुखानं "अशक्य" म्हणते. मग राजा जी७, एफ६, ई५ असा तिरका चालवून दाखवा. तो एकाच वाटेनं दोन्ही प्याद्यांच्या जवळ जातो. काळ्यानं सी६ वरचं प्यादं मारलं तर पांढरा राजा एफ४ वर येऊन पळणारं प्यादं गाठतो. काळा प्यादं दामटत राहिला तर राजा डी६ वर जाऊन आपल्या प्याद्याला पुढे काढतो आणि शेवटच्या ओळीत पोचून दोघांच्याही प्याद्यांचे वजीर होतात. हे पाहिल्यावर पुढचा अर्धा तास लोक आपणहून तो पट सोडत नाहीत, आणि एकमेकांशी न बोलणारे दोन सभासदही त्यावर वाद घालताना सापडतात.

चौकडीची स्पर्धा

दोन-तीन महिन्यांनी गळणाऱ्यांना थोपवायला नोंद होणारे डाव हवेत. पुष्कळ क्लब लगेच स्विस पद्धतीकडे वळतात, म्हणजे दर फेरीत जवळपास सारखे गुण झालेल्यांच्या जोड्या लावतात. झुरिकमध्ये १८९५ साली पहिल्यांदा वापरलेली ही पद्धत मोठ्या संख्येसाठी उत्तम आहे: १६ खेळाडूंना चार फेऱ्या, ३२ ना पाच. पण नऊ-दहा जणांच्या क्लबमध्ये पहिल्या फेरीत तगडा विरुद्ध कच्चा अशाच जोड्या लागतात आणि आपण वर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

त्यापेक्षा चौकडी करा. हजर असलेल्यांना ताकदीप्रमाणे उतरत्या क्रमानं लावा आणि चार-चारचे गट पाडा. प्रत्येक गटात सगळे सगळ्यांशी खेळतात, तीन फेऱ्यांत स्पर्धा संपते. गटातल्या खेळाडूंना १ ते ४ क्रमांक द्या. पहिली फेरी १-४ आणि २-३, दुसरी ४-३ आणि १-२, तिसरी २-४ आणि ३-१. आधी लिहिलेला क्रमांक पांढरी मोहरी घेतो. १५ मिनिटं आणि प्रत्येक चालीला ५ सेकंद असा वेळ दिला, तर साठ चालींचा डावही चाळीस मिनिटांत उरकतो, आणि तीन फेऱ्या सव्वादोन तासांत होतात. दोन-तीन माणसं उरली तर चौकडीत न बसणाऱ्यांना आपसांत दोन-दोन डाव द्या.

महत्त्वाचं असं की खालच्या गटाच्या विजेत्याचं नाव फळ्यावर वरच्या गटाच्या विजेत्याइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहायचं. जो माणूस वर्षभर क्लबमध्ये नुसता हरत आला होता तो इथे जिंकतो. पुढच्या महिन्यात तो वरच्या गटात जातो आणि पुन्हा हरतो, पण आता त्याला पुढचं ठिकाण माहीत असतं.

सोबत क्लबचं स्वतःचं गुणांकन सुरू करा. एलो पद्धत फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, १९७० मध्ये स्वीकारली. तिचं सूत्र साध्या स्प्रेडशीटमध्ये बसतं. बदलाचा गुणक, म्हणजे एका डावानं गुणांकन जास्तीत जास्त किती हलेल तो आकडा, २० धरला तर बरोबरीच्या खेळाडूला हरवून १० गुण मिळतात, आपल्यापेक्षा २०० नं वरच्याला हरवून १५, आणि २०० नं खालच्याला हरवून फक्त ५. फिडेनं १ मार्च २०२४ पासून गुणांकनाची खालची मर्यादा १४०० केली, त्यामुळे त्याखालच्या खेळाडूंना आपली प्रगती मोजायला क्लबच्या यादीखेरीज फारसं काही उरत नाही. यादी दर महिन्याला भिंतीवर लावा. लोक ती येताना एकदा आणि जाताना एकदा वाचतात.

मुलं आणि पालक

मुलांमुळे क्लब झपाट्यानं वाढतो आणि तितक्याच झपाट्यानं शिकवणीवर्ग होऊन बसतो. मग मोठी माणसं हळूहळू येईनाशी होतात. मुलांची वेळ वेगळी ठेवा आणि दोन्ही वेळांमध्ये अर्धा तास सामाईक ठेवा, ज्यात ज्याला जमेल तो ज्याच्याशी हवं त्याच्याशी खेळेल. मुलांसोबत खोलीत कायम निदान दोन मोठी माणसं हवीत. फोटो टाकण्याआधी पालकांची परवानगी घ्या. पालकांनी मुलाच्या पाठीमागे उभं राहायचं नाही. त्यांच्यासाठी एक पट बाजूला मांडून ठेवा, चार-दोन जण तिथूनच खेळायला लागतात.

नियमांचा एक कागद

हात लावलं ते मोहरं खेळायचं, चाल मागे घ्यायची नाही, दुसऱ्याच्या डावात बोलायचं नाही, फोन बंद. नोंद होणाऱ्या डावात पहिली अवैध चाल मागे घेऊन समोरच्याला दोन मिनिटं वाढवून द्यायची, दुसऱ्या वेळी डाव गेला. मोकळ्या डावांत एवढं कडक राहू नका.

याच कागदावर आणखी एक ओळ हवी: कुणाच्या वागण्याचा त्रास झाला तर कुणाशी बोलायचं, त्याचं नाव. खोलीत एकच मुलगी किंवा बाई असते तेव्हा तिला दर वेळी "बायका बुद्धिबळ खेळत नाहीत" छापाची टिप्पणी ऐकावी लागते. ती भांडत नाही, यायची थांबते, आणि यादीत "एकदाच आलेली" म्हणून तिची नोंद होते. क्लबचा सर्वांत चांगला खेळाडू असा वागत असेल तर त्यालाच आधी समज द्या. तो गेला तरी चालेल.

एकखांबी तंबू नको

बहुतेक मरगळलेल्या क्लबांत एक ज्येष्ठ गृहस्थ असतात. किल्ली त्यांच्याकडे, हिशेब त्यांच्याकडे, जोड्याही तेच लावतात. त्यांच्यामुळे क्लब टिकलाय आणि त्यांच्यामुळेच थांबलाय, दोन्ही खरं असतं. बदलाची पहिली चर्चा ग्रुपवर करू नका. त्यांच्याकडे जाऊन बसा, क्लब कसा सुरू झाला ते त्यांच्या तोंडून ऐका आणि मग एकच काम मागून घ्या, हजेरीची वही किंवा चौकडीच्या जोड्या. पुढची कामं नंतर सुटतात. किल्ली मात्र लवकरात लवकर दोघांकडे हवी. झुरिकचा बुद्धिबळ क्लब १८०९ पासून चालू आहे, म्हणजे तिथे ती किती पिढ्यांच्या हातांतून गेली असेल बघा.

पैशांबद्दल थोडक्यात: पहिल्या दोन भेटी मोफत, नंतर महिन्याची वर्गणी, घड्याळांसाठी वेगळा निधी, आणि हिशेब दर तिमाहीला भिंतीवर.

आता बोभाटा करा

हे सगळं सात-आठ आठवडे नीट चाललं की मगच बाहेर सांगायला निघा. पोस्टरवर वार, वेळ, मजला आणि "पट-मोहरी आमच्याकडे आहेत, चाली येत नसतील तरी या" एवढं पुरे. सभासदांच्या ग्रुपवर दर आठवड्याला त्या दिवशी सकाळी "आज कोण कोण येतंय?" विचारा. पाच नावं दिसली की सहावा येतो. सार्वजनिक जागी दोन टेबलं मांडून बसणं हा पोस्टरपेक्षा चांगला उपाय आहे, पण तिथे क्लबचे सौम्य स्वभावाचे खेळाडू बसवा, जिंकायला हपापलेले नकोत.

मोठा खेळाडू बोलावून वीस पटांवर एकाच वेळी खेळवणं आकर्षक असतं, पण त्या संध्याकाळी बहुतेक सगळे हरतात. त्यापेक्षा शेजारच्या क्लबशी चार विरुद्ध चार सामना लावा. आपला प्रत्येक जण त्यांच्या प्रत्येकाशी खेळतो. १९२३ मध्ये नेदरलंड्समधल्या शेव्हेनिंगेनच्या स्पर्धेत ही पद्धत वापरली गेली आणि त्याच गावाचं नाव तिला चिकटलं. सोळा डाव होतात, आणि आपल्या तळाच्या खेळाडूचा अर्धा गुणही सामना फिरवू शकतो. त्या दिवशी त्याच्या पटाभोवती सगळा क्लब उभा असतो.

बारा आठवडे झाले की हजेरीची वही काढा. एकूण किती आले ते मोजू नका, पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती जण दुसऱ्यांदा आले ते मोजा. निम्म्याहून अधिक परतत असतील तर आता खुल्या स्पर्धेची तारीख ठरवायला हरकत नाही. परतत नसतील तर आणखी पोस्टर छापू नका, पुन्हा फोन करा. आणि नवी माणसं मुळातच येत नसतील तर वार बदलून आणखी बारा आठवडे पाहा. तरीही आकडा हलला नाही, तर जवळच्या दुसऱ्या क्लबच्या मंडळींना भेटा आणि दोन्ही क्लबांची एकच संध्याकाळ करता येईल का ते विचारा. मोहऱ्यांच्या पिशव्या आणि गुणांकनाची यादी सोबत घेऊन जा.